विश्लेषण : समाजमाध्यमांचा ‘तुमच्या’ मुलावर परिणाम किती? सरासरीत न दिसणारे एका मनाचे गणित

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. तेव्हापासून ‘आपल्याकडेही अशी बंदी हवी का’ हा प्रश्न अनेक देशांत विचारला जात आहे. समाजमाध्यमांमुळे मुले उदास होतात, असे एक गट सांगतो. परिणाम नगण्य आहे, असे दुसरा. दोघांकडेही संशोधन आहे, आकडे आहेत. मात्र त्यातील बहुतेक आकडे हजारो मुलांची सरासरी सांगतात. एका मुलाच्या मनात दिवसागणिक काय बदल होतो, हे त्यातून कळत नाही. ते मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत वेगळी आहे आणि तिने या वादाला वेगळेच वळण दिले आहे. ती पद्धत काय, तिने काय दाखवले आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा हा आढावा.

वाद नेमका कशावरून?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने हा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब यांसारख्या मंचांनी १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्यासाठी वाजवी उपाय करायचे. न केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड, अशी त्याची रचना आहे. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्येच संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, घरातल्यांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागचा हेतू.

देशाचा कायदा असो वा गावाचा भोंगा, त्याचा उपयोग झाला की नाही हे ठरवताना सहसा एकच आकडा मागितला जातो : सरासरी मुलाला किती फायदा झाला? पालकाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. त्याला आपल्या मुलाबद्दल जाणून घ्यायचे असते. हे दोन प्रश्न एकच आहेत, असे मानसशास्त्रातील बहुतांश संशोधन दीर्घकाळ गृहीत धरत आले.

सरासरीत अडचण काय?

‘सरासरी माणूस’ ही कल्पना बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३५ मध्ये मांडली. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणातील चुका सरासरी काढून कमी करता येतात, तेच तंत्र त्यांनी माणसांना लावले. लोकसंख्या, गुन्हे, विवाह यांच्या आकडेवारीसाठी ते उपयुक्त ठरले आणि अजूनही ठरते. शाळा किती हव्यात, औषधाचा साठा किती ठेवावा, हे सरासरीवरूनच ठरते. अडचण येते ती सरासरीवरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढताना.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संख्याशास्त्रज्ञ एलेन हामाकर यांनी यासाठी टायपिंगचे सोपे उदाहरण दिले आहे. टायपिंग येणाऱ्या अनेकांची चाचणी घेतली, तर वेगाने टाइप करणाऱ्यांच्या चुका कमी दिसतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. यावरून ‘वेग वाढवा, चुका कमी होतील’ असा सल्ला नवशिक्याला दिला तर? त्याने नेहमीपेक्षा घाईने टाइप केले की चुका वाढतात. गटात दिसलेला संबंध आणि एका माणसातला संबंध एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

हृदयविकाराचेही तसेच. नियमित व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा कमी असतो. पण एखाद्या व्यक्तीला झटका येण्याची शक्यता ती जोरदार व्यायाम करत असताना तेवढ्या वेळापुरती वाढलेली असते.

आता हेच मोबाइलला लावून पाहू. रोज पाच तास मोबाइल पाहणारी मुले दोन तास पाहणाऱ्यांपेक्षा जास्त उदास आढळली, असे समजा. त्यावरून पाच तासांवाल्या मुलाचा मोबाइल दोन तासांवर आणला की तो आनंदी होईल, असे सिद्ध होत नाही. कदाचित एकटी पडलेली मुलेच मोबाइलकडे जास्त वळत असतील. कदाचित घरातील भांडणामुळे उदासी आणि मोबाइल दोन्ही वाढले असतील. माणसा-माणसांतला फरक आणि एकाच माणसात काळानुसार होणारा फरक वेगळा काढल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

१०० माणसे एकदा की एक माणूस १०० वेळा?

एकसारखे १०० फासे एकदाच टाकले काय किंवा एकच फासा १०० वेळा टाकला काय, येणाऱ्या आकड्यांचे चित्र साधारण सारखेच असते. भौतिकशास्त्र आणि गणितात अशा प्रक्रियेला ‘एर्गोडिक’ म्हणतात. अशा ठिकाणी गटावरून एकाबद्दल आणि एकावरून गटाबद्दल बोलता येते.

माणसाचे मन असे फाशासारखे वागते का? नाही, असे नेदरलँड्समध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात काम केलेले पीटर मोलेनार यांनी २००४ मधील एका गाजलेल्या लेखात ठामपणे मांडले. फाशाला मागचा आकडा आठवत नाही. माणसाला कालचा दिवस आठवतो. सगळे फासे सारखे असतात, माणसे नसतात. फासा वयात येत नाही, शिकत नाही, थकत नाही. त्यामुळे मनाच्या बाबतीत गटाचे नियम व्यक्तीला लागू पडतीलच असे नाही. ते प्रत्येक वेळी तपासावे लागते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत ॲरन फिशर आणि सहकाऱ्यांनी अशी तपासणी केली. एकाच व्यक्तीची वारंवार मोजमापे असलेले सहा संच घेऊन त्यांनी तेच गणित एकदा गटावर आणि एकदा व्यक्तीवर केले. व्यक्तींमध्ये दिसणारा विखार, म्हणजे आकड्यांचा पसारा, गटात दिसणाऱ्यापेक्षा चार पटींपर्यंत मोठा निघाला. गटाचे आकडे पाहून मिळणारा नेमकेपणा त्यामुळे व्यक्तीच्या बाबतीत फसवा ठरू शकतो.

‘नैराश्य’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळी माणसे येतात, हेही यानिमित्ताने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या औषधचाचणीतील ३,७०३ रुग्णांची लक्षणे आयको फ्रीड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ मध्ये तपासली. लक्षणांचे तब्बल १,०३० वेगवेगळे संच त्यांना आढळले. सर्वाधिक आढळणारा संचही जेमतेम १.८ टक्के रुग्णांत होता.

एका माणसाचा बदल मोजतात कसा?

पहिली गरज म्हणजे पुरेशा नोंदी. वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घेणे म्हणजे मुंबईच्या लोकलची गर्दी वर्षातून एकदा, तीही दुपारी तीन वाजता, मोजण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिहाय चिक्सेंटमिहाय आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेजर दिले. दिवसातून अनेकदा अवचित पेजर वाजायचा आणि त्या क्षणी काय करत आहात, कसे वाटते आहे, हे लिहायचे. आज पेजरची जागा स्मार्टफोनने घेतली आहे.

दुसरी गरज या नोंदींचा अर्थ लावणाऱ्या मॉडेलची. नावे क्लिष्ट असली, तरी बहुतेक मॉडेल एका नोंदीचे चार भाग करतात. पहिला, त्या व्यक्तीची नेहमीची पातळी. दुसरा, मागच्या क्षणाचा उरलेला परिणाम. तिसरा, मधल्या काळात घडलेल्या गोष्टीचा परिणाम, उदाहरणार्थ तासभर रील्स पाहणे. चौथा, कशानेच न उलगडणारा चढउतार.

यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. समजा, सई आणि रिया या दोन मुलींची मनःस्थितीची नेहमीची पातळी दहापैकी ७ आहे. परीक्षेत कमी गुण मिळाले आणि दोघीही २ वर आल्या. सईच्या मनात मागच्या क्षणाचा ४० टक्के भाग टिकतो. तिच्या पुढच्या तीन नोंदी साधारण ५, ६.२ आणि ६.७ अशा अपेक्षित असतील. रियाच्या मनात ८० टक्के भाग टिकतो. तिच्या नोंदी ३, ३.८ आणि ४.४ असतील. दोघींना धक्का सारखाच बसला, पण सई सावरली तेव्हा रिया अर्ध्या वाटेवरही नव्हती. संशोधक याला भावनांचे ‘जडत्व’ म्हणतात. पीटर कुपेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, कमी आत्मसन्मान असलेल्या आणि नैराश्यग्रस्त व्यक्तींमध्ये हे जडत्व जास्त आढळते.

तिसरी अडचण नोंदी अपुऱ्या असण्याची. एका मुलाच्या ३०-४० नोंदींवरून त्याचे गणित नेमके सुटत नाही. इथे ‘मल्टिलेव्हल’ म्हणजे बहुस्तरीय मॉडेल मदतीला येते. क्रिकेटचे उदाहरण घ्या. नव्या फलंदाजाने पहिल्या दोन डावांत १४० आणि १६० धावा केल्या, म्हणून त्याची खरी सरासरी १५० आहे असे कोणी मानत नाही. इतर फलंदाजांचा इतिहास पाहून अंदाज खाली आणला जातो. त्याचे डाव वाढत जातील तसा त्याच्याच आकड्यांना जास्त मान मिळतो. मॉडेलही तेच करते. व्यक्तीच्या नोंदी थोड्या असतील तर अंदाज गटाकडे झुकतो, भरपूर असतील तर व्यक्तीकडे. नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर यांनी १९८२ मध्ये वैद्यकीय नोंदींसाठी मांडलेले मॉडेल या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. मोबाइलवरून येणाऱ्या दाट नोंदींसाठी गेल्या दशकात अधिक गतिमान मॉडेल तयार झाली.

मुलांबाबत या पद्धतीने काय दाखवले?

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील इने बेयेन्स, पॅटी वाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६३ किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवडाभर दिवसातून सहा वेळा त्यांच्या फोनवर प्रश्न येत होते. एकूण २,१५५ नोंदी जमल्या. स्वतः काही पोस्ट न करता इतरांच्या पोस्ट पाहत राहिल्यानंतर ४४ टक्के मुलांना काहीच फरक जाणवला नाही, ४६ टक्के मुलांना बरे वाटले आणि १० टक्के मुलांना वाईट वाटले.

२०२१ मध्ये याच गटाने ३८७ मुलांचा तीन आठवडे माग काढला. या वेळी प्रश्न आत्मसन्मानाचा होता आणि नोंदी ३४,९३०, म्हणजे प्रत्येक मुलामागे सुमारे ९० होत्या. ८८ टक्के मुलांवर परिणाम शून्य किंवा अगदी नगण्य होता, ४ टक्के मुलांचा आत्मसन्मान वाढला आणि ८ टक्के मुलांचा घसरला.

हे ८ टक्के महत्त्वाचे आहेत. सगळ्यांची सरासरी काढली तर उत्तर शून्याजवळ येते आणि ‘परिणाम नाही’ असा मथळा तयार होतो. पण ४० मुलांच्या वर्गात ८ टक्के म्हणजे तीन मुले. ती तीन मुले सरासरीत दिसत नाहीत. उलट, फक्त त्या तिघांची उदाहरणे घेऊन ‘समाजमाध्यमे मुलांना उद्ध्वस्त करतात’ असे म्हटले, तर उरलेल्या ३७ मुलांबद्दल चुकीचे बोलले जाते. दोन्ही गट आपापल्या आकड्यांशी प्रामाणिक असूनही भांडत राहतात, याचे एक कारण हे आहे.

ब्रिटनमधील १२,६७२ मुलांच्या काही वर्षांच्या नोंदींवर एमी ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये व्यक्तीअंतर्गत बदलाचे मॉडेल चालवले. समाजमाध्यमांचा वापर आणि आयुष्याबद्दलचे समाधान यांच्यातील परिणाम फार तर छोटा, दोन्ही दिशांनी जाणारा आणि मुला-मुलींत वेगळा असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे वापरामुळे समाधान घटते तसे समाधान घटल्यामुळे वापर वाढण्याचीही शक्यता आहे.

युरोपातील मुलांचे हे प्रमाण जसेच्या तसे लातूरच्या किंवा नाशिकच्या मुलांना लावता येणार नाही. घरात एकच फोन असणे, अभ्यास आणि करमणूक एकाच पडद्यावर असणे, या परिस्थितीत आकडे वेगळे येऊ शकतात. उचलण्यासारखी आहे ती पद्धत.

सुधारणा झाली, की नुसता चढउतार?

हा प्रश्न मुलांपुरता नाही. समुपदेशन किंवा औषध सुरू असलेल्या प्रत्येकाला तो पडतो. नैराश्याची तीव्रता जोखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची चाचणी घ्या. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, असे एकूण ० ते २७ गुण असतात. एखाद्याचे गुण १६ वरून १२ वर आले. बरे वाटू लागले म्हणायचे का?

नील जेकब्सन आणि पॉला ट्रूअक्स यांनी १९९१ मध्ये यासाठी ‘विश्वसनीय बदल निर्देशांक’ सुचवला. कोणतीही चाचणी तंतोतंत नसते. तोच माणूस दोन दिवसांनी थोडी वेगळी उत्तरे देतो. ही डळमळ किती, ते आधी मोजायचे आणि बदल तिच्यापेक्षा मोठा आहे का ते पाहायचे. उदाहरणादाखल गटातील प्रमाण विचलन ५ गुण आणि चाचणीची विश्वसनीयता ०.८४ धरली, तर एका वेळच्या मोजमापातील चूक २ गुणांची येते. दोन वेळच्या फरकातील चूक सुमारे २.८ आणि ९५ टक्के खात्रीसाठी लागणारा फरक साधारण ५.५ गुणांचा होतो. म्हणजे १६ वरून १२ ही घट चाचणीच्या नेहमीच्या डळमळीतही बसते. १६ वरून १० ही मात्र बसत नाही.

दुसरा सापळा जुना आहे. माणूस सहसा सगळ्यात वाईट दिवसांत मदत मागतो किंवा ॲप उतरवून घेतो. त्यानंतर काहीही केले, तरी बऱ्याचदा तो आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येतोच. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या अभ्यासात मांडलेला ‘सरासरीकडे परतण्या’चा नियम तो हाच. ‘आमच्या ॲपने दोन आठवड्यांत ताण कमी होतो’ या दाव्यात ॲपचा वाटा किती आणि या परतण्याचा किती, हे तुलनेसाठी दुसरा गट किंवा आधीच्या काळातील पुरेशा नोंदी असल्याशिवाय सांगता येत नाही.

धोक्याची सूचना आधी मिळू शकते का?

या क्षेत्रातील मोठी आशा हीच आहे. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ५७ वर्षांच्या एका पुरुषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने २३९ दिवस, दिवसातून दहा वेळांपर्यंत, स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी केल्या. या काळात नैराश्यावरील औषधाचा डोस, नेमका कधी ते त्याला न कळता, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. पुढे त्याचे नैराश्य उलटले. त्याआधीच त्याच्या नोंदींत जडत्व आणि चढउतार वाढू लागले होते. तलावाची किंवा जंगलाची परिसंस्था कोलमडण्यापूर्वी ती छोट्या धक्क्यांतून सावरायला जास्त वेळ घेऊ लागते, असे पर्यावरणशास्त्रज्ञांनी आधी मांडले होते. तेच इथे दिसले. वर सई आणि रियाच्या उदाहरणातले जडत्व ते हेच. फरक इतकाच की इथे एकाच माणसाचे सईपासून रियाकडे सरकणे पकडले गेले.

मात्र नंतर अधिक लोकांवर हे तपासले असता निकाल संमिश्र आले. काहींमध्ये इशारा आधी मिळाला, अनेकांमध्ये मिळाला नाही, काहींमध्ये इशारा दिसूनही काही झाले नाही. एका माणसावरचा सुंदर निकाल दुसऱ्या माणसाला लागू पडेलच असे नाही, ही या शाखेची मूळ शिकवण तिच्या स्वतःच्या शोधालाही लागू झाली.

आत्महत्येच्या विचारांबाबतचा एक निष्कर्ष मात्र डॉक्टरांनी आणि कुटुंबीयांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. इव्हन क्लेमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, अशा विचारांची तीव्रता काही तासांत मोठ्या प्रमाणात वर-खाली होते. चार ते आठ तासांपूर्वीच्या नोंदीशी तुलना करता एक चतुर्थांशाहून अधिक नोंदींत मोठा फरक पडलेला होता. सकाळी दवाखान्यात ‘आता ठीक आहे’ असे सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते, पण ते उत्तर रात्रीसाठी पुरेसे नसते.

या पद्धतीवर किती विसंबावे?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच रुग्णाच्या मोबाइलवरील नोंदी १२ संशोधक गटांना देण्यात आल्या. उपचारात कोणत्या लक्षणावर आधी काम करावे, एवढाच प्रश्न होता. प्रत्येक गटाने वेगळे मॉडेल वापरले आणि वेगळे उत्तर दिले. कोणी एकही लक्षण सुचवले नाही, तर कोणी १६ सुचवली. रुग्ण एक, आकडे तेच, तरी सल्ले बारा. त्यामुळे ‘तुमच्यासाठी खास बनवलेला’ सल्ला देणाऱ्या ॲपला, हा सल्ला कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे विचारायलाच हवे.

दुसरी अडचण न भरलेल्या नोंदींची. फार वाईट वाटत असते तेव्हाच माणूस फोनवरच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. म्हणजे सर्वांत महत्त्वाचे क्षण गाळले जातात आणि आलेख प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो. तिसरी अडचण भाषेची. ‘कंटाळा आला’, ‘मन लागत नाही’, ‘बोअर झाले’ यांतले अंतर इंग्रजीवरून शब्दशः भाषांतरित प्रश्नावलीत हरवू शकते. चौथी कार्यकारणाची. मोबाइल पाहिल्यावर मुलाचा मूड नेहमी खाली जातो असे दिसले, तरी तो मोबाइल बहुतेक वेळा रात्री, थकल्यावर पाहत असेल, तर दोष थकव्याचाही असू शकतो.

शिवाय या नोंदी अत्यंत खासगी असतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. काही अपवाद नियमांत दिले आहेत. शाळेने किंवा कंपनीने ‘मनःस्थिती मोजणारे’ ॲप सक्तीचे केले, तर हा प्रश्न सर्वांत आधी येईल.

भारतात अशा नोंदी आहेत का?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने ते १२ राज्यांत केले, महाराष्ट्र त्यात नव्हता. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. धोरणासाठी हा आकडा मोलाचा आहे, पण ते एका क्षणाचे छायाचित्र आहे. १०० पैकी १० जण आज आजारी आहेत याचे दोन अर्थ होऊ शकतात : तेच १० जण वर्षानुवर्षे आजारी आहेत किंवा आज हे, उद्या दुसरे. पहिल्यात दीर्घकालीन उपचारकेंद्रे लागतील, दुसऱ्यात वेळेवर पोहोचणारी तात्पुरती मदत. छायाचित्रावरून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते.

तसे जाण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा माग पुढे अनेक वर्षे ठेवला. गरोदरपणातील बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी आणि मुलांची नवव्या वर्षीची आकलनक्षमता यांचा संबंध त्यातूनच तपासता आला. मनःस्थितीच्या दाट, दिवसागणिक नोंदी हा पुढचा टप्पा असेल. स्वस्त स्मार्टफोनमुळे तो आता आवाक्यात आहे. लागतील ते प्रशिक्षित संख्याशास्त्रज्ञ, मराठीत तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या आणि लोकांचा विश्वास.

पालकांनी यातून काय घ्यावे?

तुलना शेजारच्या मुलाशी किंवा बातमीतल्या टक्केवारीशी करण्यापेक्षा मुलाच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीशी करावी. अबोल मूल अबोल आहे, यात बदल नाही. बोलके मूल तीन आठवडे अबोल आहे, हा बदल आहे. एका वाईट दिवसावरून किंवा एका चांगल्या आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये. वाईट वाटल्यानंतर सावरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे का, याकडे लक्ष द्यावे.

मोबाइलची वेळ कमी करून पाहायची असेल, तर आधी दोन आठवडे काहीच न बदलता झोप, भूक आणि मनःस्थिती यांची रोज ठरावीक वेळी, मुलाच्या संमतीने, साध्या वहीत नोंद ठेवता येते. मग दोन आठवडे बदल करावा, पुन्हा दोन आठवडे पूर्वीसारखे वागावे. बदलाच्या काळातच फरक पडला आणि तो काढून घेताच गेला, तर त्या मुलापुरते काहीतरी हाती लागले. परीक्षा आणि सुट्टीचे दिवस मात्र या हिशेबातून वेगळे काढावेत. ही वही निदान करत नाही. पण गरज पडल्यास डॉक्टरांसमोर ‘हल्ली कसेतरीच वागतो’ या वाक्यापेक्षा ती कितीतरी अधिक सांगते.

मुलाच्या किंवा घरातील कोणाच्याही बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर आला, तर मात्र वही आणि आलेख बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे.